उलटी बेतलेली मखमल

प्रभुदास, तुझ्या मातीले एवढी माणसं येतीन असं मले वाटलं नव्हतं. सख्ख्या भावाच्या पेटीजवळ उभं राहून माणसानं रडावं, तर मी माना मोजून राह्यलो होतो. सावंगीच्या मेडिकल कॉलेजच्या सात-आठ पोरी ड्यूटीवरून तशाच आल्या होत्या, अंगावर पांढरे अॅप्रन. सगळे तू शिवलेले. मी दुरूनच वळखले, कारण तुझ्यासारखी कॉलर वर्ध्यात कोणाची बसत नाई. त्या पांढऱ्या रांगेकडं पाहून माझ्या मनात पयला विचार आला तो असा, की माझ्या हातचा एकही कोट इथं नाई. मग मीच मले समजावलं, बावा, उन्हाळा हाय, कोट घालून कबरस्तानात कोण येते. पण समाधान झालं नाई.

तुले जाऊन पंधरा दिवस झाले अन् मी अजून तुझ्यावर जळतो. हे पयलेच लिवून टाकतो, म्हणजे पुढं लपवाचं काम नाई.

चर्चचे पाळकसाहेब घरी आले होते. म्हणे, भावाच्या आठवणीत चार शब्द लिवा, स्मरणाच्या उपासनेत वाचता येतीन. मी म्हटलं, माझं शिक्षण चवथी, तेही अर्धी. ते म्हणे, मास्तर, जसं बोलता तसं लिवा. म्हणून लिवतो. अशा कागदात लोक जन्म कुठला, शिक्षण किती, मंडळीत सेवा कोणती ते लिवतात. ते मी लिवत नाई, मंडळीले ते पाठ हाय. मंडळीले माहीत नाई असं एक हाय. ते तुले अन् मले माहीत होतं, आता मले एकट्याले. साळवे गुरुजींच्या पोराच्या लग्नातल्या मखमली कोटाची गोष्ट. सतरा वर्षं मी ते तोंडाबाहेर काढलं नाई. या कागदात ते निघते की नाई, हेच पाहाचं हाय. सुरवात जरा दुरून करतो. मले थेट येत नाई.

आपल्या घरात कात्री मोठ्याची अन् मशीन लहान्याची, हे बाबांनी ठरवून ठेवलं होतं. मी बेतणार, तू शिवणार. कपडा बेतते तो मास्तर, शिवते तो कारागीर. वर्ध्याजवळ पिपरीत आपण दुकान टाकलं तेव्हा पाटीवर नाव माझं लागलं. पण महिना झाला नाई तर लोकं तुलेही मास्तर म्हणाले लागले. मी मोठे मास्तर, तू लहान मास्तर. मले ते तेव्हाच खुपलं.

तुझा दिवस मले पाठ हाय. सकाळी आला की चप्पल बाहेर, मशीनवरची चादर घडी करून खुर्चीवर, मग उजवा हात मशीनच्या चाकावर ठेवून मान खाली. ओठ हालत, आवाज नाई. तेवढ्या वेळात माझी एक पँट बेतून होत असे. मग तुझे पाय चालाले लागत. बाराले डबा. डब्यानंतर तू पाय लांब करून पेपर वाचे, समोर गिऱ्हाईक उभं असलं तरी. सांजच्याले सहा वाजले की सुई कपड्यात तशीच टोचून उठे.

"अबे, चार टाके तर राह्यले," मी म्हणो.

"ते आजच मारले तर उद्याले काय करू, दादा?"

अन् घरी जाऊन बायकोसंगं, सुशीलासंगं, भाजी निवडत बसे. शनिवारी मशीन पुसून, तेल देऊन, चादर बांधून टाकली की सोमवारपर्यंत तिले हात लावणं नाई. देवाचं देवाले, घरचं घराले, कामाचं कामाले, असं तू जेवणाच्या पानासारखं वाढून घेतलं होतं. मीठ भातात नाई अन् भात वरणात नाई.

मले सांग, टेलर असा राह्यते काय? टेलरचा धंदा खोट्या तारखेवर चालते. "परवा येजो, नुसतं काज-बटन बाकी हाय," हे माझ्या तोंडात विड्यासारखं राहे. कापड कपाटातून निघालंही नसे. तू मात्र तोंडावर सांगे, "बाई, दिवाळीच्या आत नाई होत. दुसरीकडं पाहा." माझं डोकं फिरे.

"आलेलं गिऱ्हाईक वापस धाडते?"

"जमत नाई तर जमते काऊन म्हणू?"

"रविवारी बसलं तर जमते."

"रविवार सोडूनच सांगतलं तिले."

रविवारचं आपलं भांडण कधी मिटलं नाई. मी काही देव न मानणारा माणूस नाई. उपासनेले मी तुझ्या पुढच्या बाकावर बसत होतो. गाणी तुझ्यापेक्षा सुरात म्हणत होतो, हे तूही कबूल केलं होतं. फक्त उपासना झाली की मी दुकानाचं शटर अर्धं वर करून बसायचो. एका पाळकानं आपल्या दोघांले बाप्तिस्मा देला. एकाच आईनं दोघांले गुडघे टेकाले शिकवलं. मग तुले झोप लागे अन् मले गोळी लागे, हे कसं? डॉक्टर माझं ब्लडप्रेशर पाहून म्हणे, टेन्शन घेऊ नका. मी घरी येऊन तुझ्यावर चिडो, जसं काही माझ्या वाट्याची झोप तूच घेऊन पळाला.

आई गेली तेव्हाही तेच. मी तिच्या उशाशी बसलो होतो, मोठा म्हणून. ती म्हणे, "लहान्याले बोलाव, प्रार्थना करन." मी म्हटलं, "मी करतो ना." ती म्हणे, "तू घाईत करते." मी उठून तुले बोलावाले गेलतो ते आठ पावलं मले अजून आठवतात.

आता कोट.

साळवे गुरुजी हेडमास्तर होऊन रिटायर झालेले, मंडळीत त्यांचा शब्द खाली पडत नाई. त्यांच्या पोराचं लग्न निघालं. नागपूरहून त्यांनी मखमल आणली, गर्द जांभळी. "मोठे मास्तर, कोट असा झाला पाहिजे की फोटोत उठून दिसला पाहिजे." उठून दिसला, बापा.

ज्याईले माहीत नाई त्याईच्यासाठी सांगतो. मखमलीले रोवा, म्हणजे बारीक लव, असते. हात वरून खाली फिरवला तर मऊ लागते, खालून वर फिरवला तर खरखर लागते. कोटाचे सगळे तुकडे एकाच अंगानं बेताले लागतात. एक उलटा पडला तर टेबलवर ते समजत नाई, पण उजेड पडला की एक बाजू जांभळी अन् एक बाजू काळी. लग्नसराई होती. कापड कमी भरून राह्यलं होतं. मी डावा पल्ला, छातीवरचा पुढचा तुकडा, उलटा फिरवून बसवला, कापड पुरवलं, स्वतःवर खूशही झालो. हे टेरिकॉट नाई, मखमल हाय, हे ध्यानातच राह्यलं नाई.

तू तुकडे मशीनवर घेतले अन् थांबला. दोन्ही पल्ल्यांवरून हात फिरवला. परत फिरवला.

"दादा, हा डावा पल्ला उलटा वाटते."

"काय वाटते?"

"रोवा वर जाऊन राह्यला. हात लावून पाय ना."

दुकानात तेव्हा तीन गिऱ्हाईक होते. त्यांच्यासमोर तू हे बोलला, हे मले लागलं. पल्ल्याचं नाई लागलं.

"कात्री कोणाच्या हातात हाय बे?" मी म्हटलं.

"तुह्या."

"मग पाय चालव."

"एकदा बाहेर उजेडात नेऊन पाहू..."

"तू मले बेतणं शिकवते? बाबांनी कधी तुले कात्रीले हात लावू देला होता काय?"

गिऱ्हाईक हसले. तू पाय चालवला. दुपारी तू डबा धुवाले मागं गेला तेव्हा मी उठून पल्ल्यावरून हात फिरवला. खरखर लागलं. हे मी तुलेही कधी सांगतलं नाई, प्रभुदास. मंडळी समजन की म्हाताऱ्याची नजर चुकली. नजर चुकली होती सकाळी. दुपारी मले पक्कं माहीत होतं. गुरुजींकडं जाऊन "कापड आणखी आणा, माझं चुकलं" एवढं म्हणाचं होतं. मी मनात म्हटलं, लग्न चर्चमध्ये हाय, तिथं उजेड कमी असते.

उजेड कमीच होता. पण व्हिडिओवाला आला होता. तेव्हा लग्नात व्हिडिओचं नवंनवं फॅड निघालं होतं. एक जण कॅमेरा खांद्यावर घेऊन, दुसरा त्याच्या मागं हॅलोजनचा दिवा धरून. नवरदेव नवरीचा हात धरून वळला अन् तो दिवा त्याच्या छातीवर पडला. अर्धा नवरदेव जांभळा, अर्धा काळा. पयले बाया हसल्या. मग कोणीतरी म्हटलं, "एका कोटाचं कापड पुरलं नाई वाटते." मग सगळेच.

जेवणाच्या मांडवात गुरुजींनी तुले गाठलं. तुले, कारण तू पंगतीत भात वाढून राह्यला होता, अन् मी हात धुवाच्या टाकीमागं जाऊन उभा होतो. बेतण्यातली चूक त्याईले काय समजे; त्याईनं तुले विचारलं, हे काय शिवलं. तू भाताचं घमेलं खाली ठेवलं.

"गुरुजी, चूक दुकानाची हाय," तू म्हटलं. "कोट माह्या हाताखालून गेला. मले थांबाले पाहिजे होतं."

खोटं तू एक अक्षर बोलला नाई. फक्त माझं नाव घेतलं नाई. त्याच्यावर गुरुजी तुले पंगतीसमोर जे बोलले ते मी इथं लिवणार नव्हतो. मी टाकीमागं हात धूत राह्यलो. हात केव्हाच धुऊन झाले होते.

मांडवातून निघता निघता तू काही बोलशीन म्हणून मी वाट पाहत होतो. तू बोलला असता तर मी भांडलो असतो, भांडून मोकळा झालो असतो. तू सुटी मागितल्यासारखं म्हटलं, "दादा, उद्या जरा उशिरा येतो." एवढंच. त्या दिवसापासून मी तुले माफ केलं नाई. हो, मीच तुले. माझी चूक तू उचलून स्वतःच्या डोक्यावर घेतली, हे मले सहन झालं नाई. कोण सांगतलं होतं तुले?

त्याच्यानंतर कोटाची शिलाई तुझ्या हातून गेली. गिऱ्हाईक बजावून जात, "मोठ्या मास्तरच्या हातचाच पाहिजे, लहान्याले हात लावू देऊ नका." मी मान हालवत होतो. कोट मीच बेतू अन् मीच शिवू लागलो. लोकं मले कोट मास्तर म्हणाले लागले. तुझ्याकडं राह्यले ब्लाउज, शाळेचे ड्रेस, साडीचे फॉल. सावंगीचं मेडिकल तेव्हा मोठं होऊन राह्यलं होतं, तर तिथल्या पोरींचे अॅप्रन. मले वाटलं, आता तरी याची मान खाली जाईन.

तुझं काहीच बदललं नाई. तोच हात चाकावर, तोच डबा, तेच सहाले उठणं. अॅप्रनच्या खिशाले तू दुहेरी टाका मारे, कारण पोरी त्याच्यात जाड जाड वह्या कोंबतात. त्या तुले काका म्हणत. परीक्षा आली की दुकानाच्या पायरीवर येऊन, "काका, आमच्यासाठी प्रार्थना करा ना." त्याच्यात कोणकोणत्या घरच्या पोरी होत्या, चर्च आतून न पाह्यलेल्या. तू नावं विचारून घे अन् पास झाल्या की मलेच येऊन सांगे, जसं काही मी त्यांचा मामा. मले उभ्या जन्मात कोणी प्रार्थना कर म्हटलं नाई.

मी तुले डिवचून पाह्यलं. "अॅप्रन शिवून शिवून तू आता कंपाउंडर झाला," मी एकदा गिऱ्हाईकासमोर म्हटलं. तू मान वर न करता म्हणे, "दंड पुढं कर मग, सुई तयार हाय." दुकान हसलं. तुझ्यावर नाई हसलं.

चोरी करणाऱ्याले चोरलेल्या मालाचं सुख तरी भेटते. मी तुझी इज्जत नेली अन् सुख तुझ्यापाशीच राह्यलं. रागानं मी रविवारचं शटर अर्ध्याचं पूर्ण वर करू लागलो.

एकच रविवार तू मशीन उघडली. तुझी वहिनी गेली तो रविवार होता. पेटीले आतून लावाले पांढरं अस्तर पाहिजे होतं. मी ओट्यावर बसलो होतो, मले काही सुधरत नव्हतं. तू चादर सोडून राह्यला हे दिसलं तेव्हा मी म्हटलं, "आज रविवार हाय." तू म्हटलं, "हे काम नाई, दादा." अस्तराले तू बारीक झालर लावली, तिच्या ब्लाउजले आवडायची तशी. मले ती आवड माहीत नव्हती. तुले माहीत होती, कारण ब्लाउज तू शिवत होता. त्या दिवशी मले तुझे पाय धराचे होते अन् त्याच दिवशी मी तुझ्यावर सगळ्यात जास्ती जळलो.

मग रेडिमेड आलं. लग्नाचे कोट लोकं नागपूरहून किरायानं आणू लागले. माझं टेबल रिकामं अन् तुझ्या मशीनपुढं अॅप्रनचा ढीग. एक दिवस तू दहा अॅप्रनचं कापड उचलून माझ्या टेबलवर ठेवलं.

"दादा, बेतून दे ना. माह्याच्यानं सरळ कापल्या जात नाई."

तुझ्या कपाळावर खोटं लगेच दिसे. बारा वर्षं तू ते अॅप्रन स्वतः कापत होता, तारेसारखे सरळ. मी बेतून देले. तुले बरं वाटावं असं काही बोललो नाई. म्हटलं, "कापड हलकं हाय."

तुझं दुखणं दोन महिने चाललं. मी रोज दुपारी दवाखान्यात डबा घेऊन येत होतो अन् बाकावर बसून तुले पेपर वाचून दाखवत होतो, अडखळत. एका दुपारी बाजूचे दोन्ही पलंग रिकामे होते.

मी म्हटलं, "तो गुरुजींचा कोट..."

तू डोळे उघडले. माझ्याकडं पाहत राह्यला. मग म्हणे, "बोल."

तेवढ्यात सिस्टर आली. "काका, जरा बाहेर थांबा." मी बाहेर थांबलो. वापस आलो तर तू झोपला होता. सतरा वर्षांत मी एकदा तोंड उघडलं अन् तेही तीन शब्द. मी सिस्टरच्या नावावर खपवलं असतं, पण त्याच्यानंतर तू आणखी अकरा दिवस होता. अकरा दिवस मी तुले पेपरच वाचून दाखवला. तू एकदाही "काय म्हणत होता" असं विचारलं नाई. तू बोल म्हटलं होतं. दोनदा काऊन म्हणशीन.

तुझ्या पेटीले अस्तर मी लावलं. चुण्या पडल्या. झालर मले जमली नाई.

परवा मी सुशीलाकडं गेलो. म्हटलं, मशीनचं काय कराचं ते विचाराले आलो. खरं म्हणजे मले विचाराचं होतं की तुले सगळं एवढं सोपं कसं जात होतं. ती चहा घेऊन समोर बसली.

"त्याले देवानं मोठी शांती देली होती, बाई," मी म्हटलं. जरा जळूनच म्हटलं.

सुशीलानं वर पाह्यलं. "शांती? त्या मखमलीच्या लग्नाहून हे घरी आले तर भिंतीले डोकं टेकून उभे राह्यले, दादा. जेवले नाई. मले म्हणे, आता दादाचं तोंड पाहाचं नाई, अलग दुकान टाकतो."

"मले असं कधी दिसलं नाई."

"तुम्हाले काऊन दिसन? सकाळी निघाले तर मी विचारलं, कुठं चालले? म्हणे, दुकानाच्या दारापर्यंत जाऊन पाहतो. दुसऱ्या दिवशी म्हणे, मशीनपर्यंत जाऊन पाहतो. असे गेले."

मी विचारलं, "चाकावर हात ठेवून तो काय म्हणे?"

तिनं पदरानं रिकामी बशी पुसली. "आधी नुसतं दिवसाच्या कामासाठी म्हणत. त्या मखमलीच्या लग्नानंतर तुमचं नाव घेत. पयले पयले दात खाऊन घेत. म्हणत, देवा, सांजच्या सहापर्यंत मले दादावर राग धरू देऊ नको. सहापर्यंतच. मी म्हटलं, जन्मभराचं मागा ना एकदाच. तर म्हणे, जन्मभराचं माह्याच्यानं उचलल्या जात नाई."

"किती वर्षं?"

"मशीनवर बसत होते तोवर. दोन-तीन वर्षांनी दात खाणं सुटलं. मागणं नाई सुटलं."

"अन् रविवारी?"

सुशीला रडता रडता हसली. "रविवारी तुम्ही पुढच्या बाकावर बसता, दादा. तोंड दिसत नाई. म्हणत, आज सुट्टी."

चहा तसाच राह्यला. मी समजत होतो की शांती तुले रेडिमेड भेटली, तुझ्या मापाची, अन् मले देताना देवानं दुकान बंद केलं. तू ती रोज सकाळी शिवत होता अन् सांजच्याले ती उसवून जात होती. हे आयकून माझं जळणं कमी व्हाले पाहिजे होतं. नाई झालं. आता मी याच्यावर जळतो की तुले मागता येत होतं. मी सत्तरीले आलो. देवापाशी मी जे मागितलं ते सगळं एकदम मागितलं, अन् नाई भेटलं म्हणून दुकानाचं शटर वर केलं. सहापर्यंतचं मागाचं मले कधी सुचलंच नाई.

तिथून मी घरी गेलो नाई. साळवे गुरुजींकडं गेलो. ओसरीवर बाजेवर बसले होते. आता त्याईले कानानं कमी येते.

"कोण, मोठे मास्तर? या. प्रभुदासचं वाईट झालं."

"गुरुजी, तुमच्या पोराचा मखमलीचा कोट मी बेतला होता."

"मोठ्यानं बोला."

"कोट मी बेतला होता. उलटा. प्रभुदासनं मले दुकानातच सांगतलं होतं. मी आयकलं नाई."

एवढ्या मोठ्यानं बोलावं लागलं की शेजारची बाई धुणं वाळत घालता घालता थांबली. गुरुजी शिव्या देतीन असं वाटलं होतं, त्या मी घेतल्या असत्या.

"मी त्याले मांडवात बोललो तेव्हा तुम्ही कुठं होते?"

"टाकीमागं."

"आयकत होते?"

"हो."

गुरुजींनी चष्मा काढला. "दर नाताळाले तो फराळाचं ताट घेऊन माझ्या दारात येत होता. मी त्याले एकदाही आत ये म्हटलं नाई. ताट दारातूनच घेतलं. तुम्ही तुमचं पाप केलंच, मास्तर, पण माझ्याही हातून करवलं."

"माफ करा, गुरुजी."

"तुमचं नंतर पाहू. मले कोण माफ करन ते सांगा."

 मी उठाले लागलो तर म्हणे, "पाळकसाहेब सांगत होते, तुम्ही काही लिवून राह्यले. मी त्याले काय बोललो तेही त्याच्यात टाका."

"ते नाई लिवत, गुरुजी."

"लिवा. अन् पाळकसाहेबांले वाचाले देऊ नका, तुम्हीच वाचा. तुमचं झालं की मी उठतो."

तर लिवतो. गुरुजी तुले म्हणाले होते, "तुले गोणपाटं शिवाची लायकी हाय. एवढ्या चांगल्या भावाच्या नावाले बट्टा लावला." एवढ्या चांगल्या भावाच्या. हे तू आयकलं, घमेलं उचललं अन् पुढच्या पानात भात वाढाले गेला. मी पाहत होतो.

हे लिवल्यावर हलकं वाटन असं पाळकसाहेब म्हणत होते. नाई वाटलं. काल सकाळी दुकान उघडलं, तुझ्या मशीनकडं पाह्यलं अन् पयले जळलोच. मग म्हटलं, आज दुपारच्या डब्यापर्यंत तरी याच्यावर जळू देऊ नको. डब्यापर्यंतही निभलं नाई. अकराच्या सुमाराले एक पोरगी येऊन "काका नाईत काय" म्हणत दारातच रडाले लागली, अन् मी परत जळलो.

रविवारी मंडळीसमोर आम्ही दोघं म्हातारे उभे राहू. गुरुजींले धराले माणूस लागन अन् मले दोन चष्मे. तू असता तर मागच्या बाकावरून हळूच म्हटलं असतं, "दादा, बस आता. झालं ते झालं. लोकाईले घरी जाऊन जेवाचं हाय." पण मी बसणार नाई, शेवटपर्यंत वाचणार. तुझं मी जन्मात कधी आयकलं नाई, प्रभुदास. एकदा आयकाले पाहिजे होतं.